चष्म्याच्या दुकानापासून डावीकडे

मंगळवारी सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी मी चष्म्याच्या दुकानापाशी बस उजवीकडे घातली, आणि त्यात काही चुकलंय हे आतल्या चाळीस-बेचाळीस माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही. चार महिन्यांपासून माझ्याकडे एकसष्ट नंबरची गाडी आहे आणि एकसष्ट त्या दुकानापासून डावीकडे वळून लोखंडी पुलावरून जाते. त्याआधी एकोणीस वर्षं मी सत्तावीस नंबर चालवत होते. ती उजवीकडे, पाण्याच्या टाकीकडे जायची. सत्तावीस बंद झाली, मला एकसष्ट दिली, यात कुणाचा काही दोष नाही. त्या सकाळी मी घरच्या गळक्या नळाचा विचार करत होते. नुसता वॉशर बदलायचा की सगळा नळच बदलायचा, एवढाच प्रश्न होता. पायाने हवा तेवढा क्लच दाबला, डाव्या हाताने गिअर टाकला, उजव्याने स्टिअरिंग ओढलं, आणि या तिघांनी मिळून, मला न विचारता, गाडी सत्तावीसच्या रस्त्याला लावून दिली. घरातली जुनी माणसं कधीकधी परस्पर काहीतरी ठरवून मोकळी होतात, तसंच. मी आपली नळापाशीच होते.

जाग आली ती कुत्र्यामुळे. सत्तावीसच्या रस्त्यावर लाँड्रीचा थांबा लागतो. तिथे एक तांबूस कुत्रा असायचा, एका कानाचा शेंडा गेलेला. मी आले की तो उठायचा, गाडीच्या पुढच्या चाकाबरोबर विजेच्या खांबापर्यंत पळायचा आणि खांबापाशी वळून परत जाऊन झोपायचा. सात वर्षं रोज. मी त्याला कधी बिस्किटाचा तुकडाही टाकलेला नाही. त्याचं माझ्याकडे काही काम नव्हतं, माझंही त्याच्याकडे नव्हतं. आमचे संबंध म्हणूनच चांगले राहिले. त्या मंगळवारी मी अजून लाँड्रीच्या अलीकडच्या वळणावर होते, त्याला मी दिसणं शक्य नव्हतं, तरी वळण घेऊन पाहते तो हा उभाच. शेपटी इतकी हलत होती की मागचे पाय जागेवर ठरत नव्हते. मग तो पळाला. खांब आला तरी थांबला नाही, पुढचा थांबा येईपर्यंत जीभ बाहेर काढून पळत राहिला. मला इतका आनंद झाला की मी हॉर्न वाजवला, एकदा नाही, तीनदा. माझं वय त्रेपन्न आहे आणि गाडीत माणसं होती, तरी वाजवला. आणि मग माझ्या लक्षात आलं की हा कुत्रा मला दिसायलाच नको होता.

घाम फुटला तो त्यानंतर. हा क्रम मी कुणाला सांगितलेला नाही. चौकशीत विचारलं तेव्हा मी म्हणाले, चूक कळताच गाडी बाजूला घेतली. ते खरं आहे, पण आधीचा आनंद मी त्यातून गाळला. गाडी बाजूला घेऊन मी मागे पाहिलं तर आमचा कंडक्टर शांतपणे तिकिटं फाडत होता. त्याला सगळा डेपो डबलबेल म्हणतो, कारण घंटी असो की वाक्य, तो दोनदा दिल्याशिवाय पुढे जात नाही. “अहो, मला वाटलं रस्ता खोदलाय, रस्ता खोदलाय,” तो म्हणाला, “म्हटलं ताईंना माहिती असेल.” लोकांनाही तसंच वाटलं होतं. ड्रायव्हर वळतो म्हणजे काहीतरी असणारच. आपण कुणाच्या तरी पाठीमागे बसलो की किती निर्धास्त होतो. मी उठून सगळ्यांची माफी मागितली. एक-दोघांनी घड्याळं पाहिली. काठीवाले एक आजोबा मात्र दारापाशी आले आणि म्हणाले, “राहू दे बाई. माझी बहीण इथेच राहते. तुमची सत्तावीस बंद झाल्यापासून आलोच नव्हतो. आता आलोय तर जातो.” ते उतरले आणि फाटकाला कडी नसलेल्या एका घरात शिरले. गाडी वळवून मी अठरा मिनिटं उशिरा पुलावर पोचले. कुत्रा लाँड्रीपाशी बसून आमचं वळणं बघत होता. परत जाताना मात्र तो पळाला नाही.

दुपारपर्यंत तक्रार डेपोत पोचली होती. आमचे मॅनेजर स्वतः अकरा वर्षं गाडीवर होते. नंतर परीक्षा देऊन खुर्चीवर गेले, आणि तेव्हापासून त्यांचं पोट स्टिअरिंगपासून सुटका झाल्यासारखं वाढत गेलं. माणूस वाईट नाही. त्यांनी माझा लेखी खुलासा वाचला, पुन्हा वाचला, चष्मा काढून ठेवला. “बाई, तुम्ही कुणाला धडक दिली असती, आरसा फोडला असता, तर मला सोपं होतं. त्याला रकाना आहे,” ते म्हणाले. “गाडीला ओरखडा नाही, कुणाला खरचटलं नाही. तुम्ही नुसत्या विसरलात. याचं मी काय करू?” मी म्हणाले, विसरले नाही साहेब, चुकले. “जित्याची खोड म्हणून सोडून दिलं असतं हो. पण तुमचं वय बघता वरचे विचारणार मला.” मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. डॉक्टरांचा कागद आणायचा. आणि शुक्रवारी सकाळी ते स्वतः माझ्या मागच्या सीटवर बसणार. दोन्हींत जमलं तर स्टिअरिंग माझं, नाहीतर हरवलेल्या वस्तूंची खिडकी. पगार तोच, सुट्ट्या त्याच, वर पंखा. त्यांनी पंख्याचं दोनदा सांगितलं.

ती खिडकी मला माहीत आहे. आत छत्र्या आहेत, शेकड्याने, डबे आहेत, एकेकटे बूट, एक व्हायोलिन आणि कुणाची तरी दातांची कवळी. नजर कमी झालेला आमचा एक जुना ड्रायव्हर तिथे बसतो आणि लोक विसरलेलं मागायला येतात तेव्हा त्यांना आधी शंभर प्रश्न विचारतो. आनंदात आहे तो. पण मला ती खिडकी नको. मला माझी उंच सीट हवी, समोरची मोठी काच हवी, सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू केलं की तळव्यांतून वर चढते ती थरथर हवी. एवढी मोठी वस्तू आपण नेऊ तिकडे येते आणि तिच्या पोटात माणसं पेपर वाचत, डुलक्या घेत सुखरूप असतात, याचं मला सत्तावीसच्या आधीची धरून तीस वर्षांत एकदाही काही वाटेनासं झालेलं नाही. लोकांना कंटाळा येतो म्हणे आपल्या कामाचा. मला कधी आला नाही, आणि आता येईल असंही वाटत नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो शिंपी आहे. तो काज करत होता, त्याने आधी दोरा तोडला. त्याची आठवण ही वेगळीच चीज आहे. नावं त्याच्या डोक्यात टिकत नाहीत, चेहरे जेमतेम, पण मापं जन्मभर. रस्त्यात कुणी हात केला की तो माझ्या कानाशी पुटपुटतो, “गळा साडेपंधरा, उजवा खांदा उतरता,” आणि मग मी ओळखते की हे पोस्टातले गृहस्थ. आमची ओळखही तशीच झाली. मी पहिला युनिफॉर्म शिवायला त्याच्याकडे गेले होते. पुढच्या खेपेला मी दारात उभी राहिले तर त्याने नाव विचारलं नाही, सरळ म्हणाला, “खांदा साडेचौदा, आणि डावा हात पाव इंच लांब.” आईने सांगितलेल्या तीन स्थळांपैकी एकालाही माझ्या हातांबद्दल इतकं माहीत नव्हतं. “तू काय म्हणतोस?” मी विचारलं. “माझं विचारशील तर,” तो म्हणाला, “मी डोकं वापरून कात्री चालवली त्या दिवशी कापड वाया गेलं.” मग तो उठला आणि नळाचा वॉशर बदलू लागला. ते काम त्याला येत नाही. पाऊण तासाने नळ आधीपेक्षा जोरात गळत होता आणि आम्ही दोघं बादलीशेजारी बसून हसत होतो.

रात्रीच्या जेवणाआधी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात पक्ष्यांवर अभ्यास करते. पक्ष्यांना काय आठवतं आणि कसं आठवतं, यावर. तिच्याकडे एक पक्षी आहे, त्याला त्या लोकांनी कारकून नाव ठेवलंय. तो दाणे लपवतो, एकेक वेगळ्या जागी, शेकडो जागी, आणि कित्येक दिवसांनी नेमका तिथे जाऊन उकरतो. अळ्या लपवल्या असतील तर किती दिवस झाले हेही त्याला कळतं. सडल्या असतील इतका वेळ गेला की तिकडे फिरकत नाही. आणि लपवताना दुसऱ्या पक्ष्याने पाहिलं असेल तर तो पाहणारा गेल्यावर गुपचूप येऊन माल हलवतो. मी म्हणाले, हा कारकून नाही, हा आपला घरमालक आहे. लेक हसली. पण तिला माझा आवाज कळतो. “आई, तू घाबरली आहेस,” ती म्हणाली, “उगाच. अगं, काय घडलं ते आठवणं एका खोलीत असतं, हातापायांना येतं ते दुसऱ्या खोलीत. तुझी पहिली खोली लख्ख आहे. दुसरीत जुनं सामान आहे, इतकंच. आम्ही पिंजऱ्यात खाण्याची जागा बदलली की सगळे पक्षी आधी जुन्या जागी जातात. ये रे माझ्या मागल्या. मग एक दिवस जात नाहीत.” कधी, मी विचारलं. “प्रत्येकाचं वेगळं. आणि तो दिवस त्यांना कळत असेल असं मला वाटत नाही.” मग मी तिला कुत्र्याचं सांगितलं. तिने लगेच तिच्या शास्त्रातला चिमटा काढला. “तू आठवलीस की बस आठवली त्याला? त्यांना इंजिनाचे आवाज पक्के कळतात.” मला जरा लागलं. पण मग मी विचार केला. सत्तावीसची गाडी जुनी होती, तिचा खोकला अर्ध्या गावाला ठाऊक होता. ती मोडीत गेली. एकसष्ट नवी आहे, तिचं इंजिन वेगळं, आवाज वेगळा. मी तसं म्हणाले. “मग तू गिअर कसा टाकतेस, वळणाआधी कुठे सोडतेस, ते ऐकलं असेल,” लेक म्हणाली. “म्हणजे तूच झालीस की गं.” फोन ठेवल्यावरही मी बराच वेळ खुर्चीतच होते. माझ्या वळणाआधी गिअर सोडण्याला स्वतःचा एक आवाज आहे आणि तो जगात एका जिवाला पाठ आहे, हे मला त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं.

बुधवारी डॉक्टरकडे गेले. डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाच्या, टेबलावर पेनांची रांग. त्यांनी मला तारीख विचारली, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. पाच शब्द दिले: कुलूप, लिंबू, लोकर, मीठ, शिडी. मग इकडचं तिकडचं विचारत राहिल्या, आणि दहा मिनिटांनी म्हणाल्या, सांगा बघू. कुलूप आलं, लिंबू आलं, मीठ आलं. पुढे कोरं. त्यांचं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि मला पेनाच्या टोकाशी ती छत्र्यांची खिडकी दिसायला लागली. मी म्हणाले, बाई, एक मिनिट डोळे मिटू का? आणि डोळे मिटून मी सत्तावीस काढली. सत्तावीसवर असताना घरचं सामान मी असंच लक्षात ठेवायची, साबण शाळेपाशी, दिवा लाँड्रीपाशी, एकेका थांब्यावर एकेक ठेवून. हे शब्दही मी नकळत तसेच टाकले होते. डेपोच्या फाटकाला कुलूप, शाळेपाशी लिंबू, लाँड्रीच्या दारात गठ्ठा कसला? लोकर. पुढे मीठ. आणि शेवटी पाण्याच्या टाकीला शिडी लावलेली, एवढी मोठी शिडी, ती कशी दिसली नाही मला. पाचही सांगितले. कसं जमवलंत, त्यांनी विचारलं, तर मी सगळं सांगितलं. “एकसष्टवर असं ठेवता येतं?” नाही, मी म्हणाले. एकसष्टवर ठेवलेलं घरंगळून जातं. अजून तिथे माझ्या फळ्या ठोकलेल्या नाहीत. त्यांनी मान हलवली आणि कागद लिहिला. “तुमच्या आठवणीला काही झालेलं नाही. मंगळवारची चूक विसरण्याची नाही, आठवण्याची आहे. हातांना चार महिने पुरले नाहीत.” किती पुरतील, मी विचारलं. “ते हातांना विचारा. आणि त्यांच्यावर पहारा ठेवू नका. पहारा ठेवला की ते बिचकतात.”

सांगणं सोपं. गुरुवारी मी पहारा ठेवला. डाव्या मनगटाला नवऱ्याने कापडाची लाल पट्टी बांधून दिली होती, आणि शाळेच्या थांब्यापासून मी मनात डावी, डावी, डावी म्हणत होते. जिना उतरताना कुठला पाय आधी पडतो याचा विचार करून बघावा, म्हणजे माझं काय झालं ते कळेल. चौक जवळ आला तसे माझे हात मला परके वाटायला लागले, कुणीतरी माझ्या मांडीवर आणून ठेवल्यासारखे. गिअर अडला, ब्रेक कचकन लागला. उभे होते ते पुढे आले, पुढचे माझ्या काचेवर. मागून एक बाई म्हणाली, “नवीन आहे वाटतं.” डाव्या बाजूला वळले, पण शिकाऊ उमेदवार वळतो तसं, तीन हप्त्यांत. “होईल होईल,” डबलबेल म्हणाला, आणि त्याच्या दोन होईलमधल्या दुसऱ्यात फारसा जोर नव्हता. परतीच्या फेरीत तेच. संध्याकाळी तेच. प्रत्येक वेळी मी डोक्याने वळवत होते, आणि डोक्याने बस किती दिवस वळवणार? शुक्रवारी मॅनेजर मागे बसले असताना असं झालं तर त्यांना कागद वाचायचीही गरज नव्हती. त्या रात्री मला झोप लागली, हे मी प्रामाणिकपणे सांगते. काळजी करत जागायचं ठरवलं होतं, पण झोपही माझ्या हातापायांच्याच बाजूची.

शुक्रवारी सकाळी मॅनेजर इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि माझ्या पाठीमागच्या सीटवर बसले. मांडीवर फॉर्म, फॉर्मवर पेन. “मी नाहीच असं समजा,” ते म्हणाले. पाठीमागे नव्वद किलोचा माणूस श्वास घेत असताना तो नाही असं समजणं कठीण असतं. मी पट्टी घरी ठेवली होती. घंटी दोनदा झाली, आम्ही निघालो. बाजार, दवाखाना, शाळा. शाळेच्या थांब्यावर माणसं चढली आणि त्यांच्यात एकजण अर्धं पोतं घेऊन आला, ते त्याने माझ्या इंजिनाच्या झाकणाला टेकवून ठेवलं. “ताई, असू दे ना इथे, पुलापलीकडे उतरतोय.” पोतं खालून ओलं होतं. पुढचा चौक चष्म्याच्या दुकानाचा. मी आरसा पाहिला, गिअर टाकला, आणि इंजिनाच्या उबेने पोत्याचा वास वर आला.

कोंडा. ओल्या कोंड्याचा वास, थोडा गोडसर, थोडा आंबूस. आणि मला मावशी आठवली, जी मला चाळीस वर्षांत एकदाही आठवली नव्हती. मावशी म्हणजे आमची घोडी. वडील दुधाची गाडी हाकायचे आणि मावशी ती ओढायची. नाव वडिलांनीच ठेवलं होतं, कारण म्हणे ती घरातल्या कुणाचंच ऐकत नाही आणि सगळ्यांवर माया करते. पहाटे तिच्यापुढे भिजवलेला कोंडा ठेवायचं काम माझं. बादलीत हात घालून ढवळायची मी, कोपरापर्यंत, आणि ती माझ्या मानेवर गरम श्वास सोडत घाई करायची. मी आठ वर्षांची असेन. सुट्टीत मी गाडीवर वडिलांशेजारी बसायची. वडील लगाम हातात धरायचे तो शोभेला. कुठल्या दारी थांबायचं, कुठे नाही, सगळं मावशीला पाठ होतं. वडील डुलकी काढायचे आणि गाडी थांबली की डोळे न उघडता माप उचलायचे. निळ्या दाराच्या घरी गाणं शिकवणारे एक मास्तर राहायचे, रोजचं अर्धा लिटर. एका हिवाळ्यात मास्तर गेले. दार बंद झालं, खिडकीला फळ्या लागल्या. पण मावशी थांबायची. मला वाटायचं वडील लगाम ओढतील, चुचकारतील. ते नुसते बसून राहायचे. अर्धा लिटर ओतायला, भांडं आत जायला, मास्तरांनी हवापाण्याच्या दोन गोष्टी करायला जेवढा वेळ लागे तेवढा वेळ ते बसून राहायचे, आणि मग म्हणायचे, चल मावशी. मी विचारलं, “बाबा, तिला सांगत का नाही?” ते म्हणाले, “कसं सांगू? तिला वाटतं दूध द्यायचं राहिलंय. मी ओढून नेलं तर तिला ते रोज राहिल्यासारखंच वाटेल.” आणि खरी गंमत पुढेच होती. मास्तरांचं अर्धा लिटर ते रोज घरून घेऊन निघायचे. रोज परत आणायचे. आई म्हणायची, घोडीला अक्कल नाही आणि धन्याला तिच्याहून नाही. किती महिने चाललं कोण जाणे, पण झाडांना पानं आली होती एवढं मला दिसतंय, कारण त्या दिवशी मी गाडीवर उभी राहून हाताने पानं तोडत होते आणि वडील मला खाली बस म्हणून ओरडत होते, आणि ओरडता ओरडता त्यांनाच हसू येत होतं, कारण मी त्यांच्या टोपीत पानं खोचत होते. मग त्यांनी एकदम मागे वळून पाहिलं. निळं दार कितीतरी मागे राहिलं होतं. कोपऱ्याच्या पलीकडे, नुसतं छप्पर दिसत होतं. “तू पाहिलंस?” त्यांनी विचारलं. नाही, मी म्हणाले. “थांबली होती का जराशी? हळू तरी झाली होती?” मला ठाऊक नव्हतं. त्यांनाही नव्हतं. मावशी कान हलवत पुढच्या दाराकडे निघाली होती. वडिलांनी गाडी थांबवली, खाली उतरले, तिच्या कपाळाला कपाळ लावून उभे राहिले, आणि खिशातला साखरेचा खडा तिला दिला. मग मास्तरांचं अर्धा लिटर माझ्या हातात ठेवलं. “घे, पिऊन टाक,” म्हणाले, “आता हे तुझं.” भर रस्त्यात, पाय हलवत, मी ते सगळं प्यायले. दूध गार होतं, भांड्याच्या कडेला पितळेची चव होती, वरचं ओठांवर आलेलं मी बाहीला पुसलं, आणि वडील टोपीतली पानं न काढताच हसत होते.

एक घंटी झाली आणि मी गाडी थांबवली. दार उघडलं. पोतेवाल्याने पोतं खांद्यावर घेतलं, “येतो ताई,” म्हणाला आणि उतरला. त्याच्या पाठीमागे लोखंडी कठडा होता. कठड्याखाली पाणी, पाण्यावर सकाळचं ऊन. मी पुलापलीकडच्या थांब्यावर उभी होते.

चष्म्याचं दुकान कधी गेलं? मी मागे जाऊन शोधलं, जसे डॉक्टरीणबाईंकडे शब्द शोधले होते. शाळा होती, पोतं होतं, वास होता. त्यापुढे निळं दार, पानं, दूध, आणि मग ही घंटी. चौक नव्हता. डावी नव्हती. एवढा मोठा पूल मी ओलांडला होता आणि त्याचा एक खिळाही माझ्यापाशी नव्हता. माझ्या हातांनी मला न विचारता मला इथे आणलं होतं. पोटातून आनंद वर यायला लागला, मंगळवारच्या कुत्र्याच्या वेळी आला होता तसाच, पण या वेळी त्यामागून घाम आला नाही. बारीकसं काहीतरी दुखलंही. लाँड्रीच्या रस्त्याला आता हात आपणहून जाणार नव्हते, तिथे जायचं तर मला सुट्टीच्या दिवशी चालत जावं लागेल. जाईन. बिस्किटंही नेईन, सात वर्षांची मागची बाकी म्हणून. पण ते नंतर. आत्ता मला मोठ्याने हसायचं होतं आणि पाठीमागे मॅनेजर होते.

ते उठून माझ्याशेजारी आले, फॉर्म इंजिनाच्या झाकणावर ठेवला. “शेवटचा प्रश्न तुम्हालाच विचारायचाय,” ते म्हणाले. “नियमच आहे. चौकात वळताना तुम्ही काय काय केलंत, क्रमाने सांगा.”

क्रम मला पाठ होता. आरसा, इंडिकेटर, गिअर, ब्रेक. कुठलाही ड्रायव्हर झोपेत सांगेल. सांगितलं असतं तर एका ओळीत काम झालं असतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. अकरा वर्षं या माणसाने गाडी चालवली होती.

“साहेब, खरं सांगू?” मी म्हणाले. “मला काहीच आठवत नाही.”

मागे कुणीतरी पेपराचं पान उलटलं. डबलबेलचा हात दोरीवर होता, आणि तो दोरी ओढत नव्हता.

“आरसा पाहिलात,” मॅनेजर फॉर्मकडे बघत हळू म्हणाले, “इंडिकेटर दिलात. एका सायकलवाल्याला आधी जाऊ दिलंत, मग वळलात. मागे एकाचीही डुलकी मोडली नाही.”

“सायकलवाला होता?” मी विचारलं.

मॅनेजरांनी पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.